टिटॅनियमचे तीव्र आकार्य विरूपण

धातूच्या तुकड्याचा बाह्य आकार जवळपास कायम ठेवून, प्रचंड कर्तनाने त्याचे स्फटिककण बारीक करण्याची प्रक्रिया. तिची एक प्रमुख पद्धत व्लादिमिर सेगल यांनी 1970च्या दशकात मिन्स्क येथे विकसित केली. तीत धातूची कांडी कोनात वळलेल्या, सारख्याच छेदाच्या मार्गातून पुनःपुन्हा ढकलतात; हाच कोनीय दाब.

शुद्ध टिटॅनियमची रचना नेहमीच्या तापमानाला षट्कोणी असते. तिच्यात स्तर घसरण्याच्या सोप्या दिशा मोजक्याच. म्हणून सुरुवातीचे बरेच विरूपण यमलनाने, म्हणजे स्फटिकाचा भाग आरशातील प्रतिमेसारखा वळून, होते. पुढे स्थानभ्रंशांची, म्हणजे स्फटिकरचनेतील रेषीय दोषांची, दाटी होते, त्यांच्या भिंती बनतात आणि त्याच नव्या कणसीमा ठरतात. सुमारे 25 मायक्रोमीटरचे कण 150 नॅनोमीटरपर्यंत येतात. दाट सीमा स्थानभ्रंशांची वाट अडवतात, त्यामुळे कठीणता वाढते. कोनीय दाबानंतर ओढकाम केलेल्या श्रेणी 4च्या टिटॅनियमचे ताणबल 700वरून 1240 मेगापास्कलवर गेल्याचे आढळले आहे. याचे खरे मोल दंतरोपणात आहे: ॲल्युमिनियम व व्हॅनेडियम न मिसळताही पुरेसे बळ मिळते.

उच्च दाबाखाली पीळ दिल्यास ओमेगा ही अधिक कठीण, पण ठिसूळ अवस्थाही तयार होते. फार तापवल्यास कण पुन्हा वाढतात व कठीणता ओसरते.