देश एक, गळे चार

गाण्यांची झुंज आपल्या भागाला नवी नाही. डफ-तुणतुण्याच्या साथीवर कलगी-तुऱ्याचे सामने रात्र रात्र चालत. तुरेवाले शिवाची थोरवी गात, कलगीवाले शक्तीची, आणि सवालाला जबाब सुचला नाही की भर फडात मान खाली घालावी लागे. आपल्याच जिल्ह्यांतून कानडीत हीच झुंज हरदेशी आणि नागेशी या नावांनी रंगत आली आहे. पक्ष तेच, वाद तोच; भाषा तेवढी निराळी. म्हणून युरोपातले देश दरवर्षी एका रंगमंचावर एकमेकांसमोर गाणी घेऊन उतरतात, हे ऐकून गुलबर्गा-बिदरकडच्या वाचकाला फारसे नवल वाटू नये. नवल वाटावे असा प्रश्न पुढचा आहे. ज्या देशाच्या भाषाच चार, तो देश अशा स्पर्धेत गातो तरी कोणत्या भाषेत?

या स्पर्धेचे नाव युरोव्हिजन. भारताचा तिच्याशी काही संबंध नाही आणि आपल्याकडे तिची माहितीही बेताचीच. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, तोही बहुतांशी कानडी माध्यमातल्या मुलांना; संगीतातले मला फार कळते असा माझा दावा नाही. परंतु स्वित्झर्लंडचा या स्पर्धेतला प्रवास वाचत गेलो, तसतसा मी आपल्या सीमाभागाकडे नव्याने पाहू लागलो. त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

महायुद्ध संपून पाचच वर्षे झाली होती, तेव्हा, म्हणजे १९५० साली, युरोपातील नभोवाणी संस्थांनी आपला एक संघ स्थापन केला. दूरचित्रवाणी नुकती रांगू लागली होती. अनेक देशांतील लोकांनी एकाच वेळी एकच कार्यक्रम पाहावा, अशी या संघाची धडपड होती. इटलीत सान रेमो येथे १९५१ पासून गीतस्पर्धा भरत असे. तिचा कित्ता गिरवून देशादेशांची स्पर्धा घेण्याची कल्पना पुढे आली, आणि ती पुढे रेटण्यात मार्सेल बेझांसाँ या स्विस गृहस्थांचा मोठा वाटा होता. पहिली स्पर्धा २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो शहरी झाली. नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, बेल्जियम, पश्चिम जर्मनी, फ्रान्स, लक्झेंबर्ग आणि इटली असे सात देश, प्रत्येकाची दोन गाणी. परीक्षकांचे गुण गुप्त ठेवले गेले. केवळ विजेत्याचे नाव जाहीर झाले. विजेता ठरला यजमान देशच.

आता या विजयाची घडण पाहा. लुगानो हे इटालियन बोलणारे शहर, सूत्रसंचालनही इटालियनमध्ये. स्वित्झर्लंडची दोन्ही गाणी लीस आसिया या एकाच गायिकेने म्हटली, एक जर्मनमध्ये आणि दुसरे फ्रेंचमध्ये. ती स्वतः आरगाऊ या जर्मनभाषक प्रांतातली. पहिला क्रमांक आला तो फ्रेंच गाण्याचा, त्याचे नाव 'रफ्रँ', म्हणजे आपल्या भाषेत ध्रुपद. इटालियन गावात, जर्मन घरातल्या मुलीने, फ्रेंच गाणे म्हणून देशाला पहिला मान मिळवून दिला. दोन वर्षांनी हीच गायिका पुन्हा उभी राहिली; या खेपेस गाणे जर्मन, मध्ये मध्ये इटालियन शब्द पेरलेले. त्याला दुसरा क्रमांक मिळाला.

१९५६ हे साल आपल्या घराघरांत निराळ्या कारणाने लक्षात राहिले आहे. लुगानोच्या स्पर्धेनंतर सहा महिन्यांच्या आतच, १ नोव्हेंबरला, जुन्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगण आंध्र प्रदेशात गेले, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि गुलबर्गा, रायचूर, बिदर म्हैसूर राज्यात. बिदरचे तर अंगच कापले गेले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठवाड्याकडे गेले, भालकी आणि औराद इकडे राहिले. ज्यांच्या लेकी उदगीरला आणि सुना भालकीच्या, अशा घरांना आपण एका रात्रीत दोन राज्यांचे झालो आहोत हे उमगायला वेळ लागला. पुढे १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले आणि २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी. स्वयंपाकघरातली भाषा मात्र तीच राहिली.

भाषेवरून राज्ये आखली, ते चूक होते असे मला म्हणायचे नाही. ज्या भाषेत माणूस गाऱ्हाणे मांडतो, त्याच भाषेत कचेरीने उत्तर द्यावे, ही मागणी रास्तच होती. पण रेघ आखली की रेघेवर बसलेल्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. स्वित्झर्लंडची कथा मला महत्त्वाची वाटते ती इथे.

युरोव्हिजनमध्ये आरंभी भाषेचा नियम नव्हता. १९६५ साली स्वीडनने इंग्रजी गाणे आणले, तशी कुरबूर सुरू झाली आणि पुढच्याच वर्षापासून प्रत्येक देशाने आपल्या राष्ट्रीय भाषेतच गावे असा दंडक आला. १९७३ ते १९७६ ही चार वर्षे सोडली तर तो १९९८ पर्यंत टिकला. अनेक देशांना या नियमाने एकाच भाषेत बांधले. स्वित्झर्लंडला चार दारे मोकळी राहिली, कारण तिथे जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श या चारही राष्ट्रीय भाषा आहेत. जर्मन बोलणारे सुमारे ६२ टक्के, फ्रेंच बोलणारे २३, इटालियन ८ आणि रोमान्श बोलणारे जेमतेम अर्धा टक्का. आकड्यांच्या हिशेबाने पाहिले तर बहुतेक गाणी जर्मनच व्हायला हवी होती. तसे झाले नाही.

याचे सर्वांत गोड उदाहरण पीटर, स्यू आणि मार्क या बर्नच्या त्रिकुटाचे. हे तिघे चार वेळा देशासाठी गायले: १९७१ साली फ्रेंचमध्ये, १९७६ साली नियम शिथिल असताना इंग्रजीत, १९७९ साली जर्मनमध्ये आणि १९८१ साली इटालियनमध्ये. चार वेळा, चार भाषा. त्यांतल्या इंग्रजी आणि इटालियन गाण्यांनी चौथा क्रमांक मिळवला. उच्चार कोणाचे किती शुद्ध होते, हे मला सांगता येणार नाही. पण शेजाऱ्याच्या भाषेत गाताना आपली भाषा सोडावी लागते, ही भीती त्यांच्या वाटेत आलेली दिसत नाही.

उरली रोमान्श. ग्राउब्युंडन या डोंगराळ प्रांतातली ही भाषा. १९३८ साली मतदान घेऊन स्विस जनतेने तिला राष्ट्रीय भाषेचा मान दिला. स्पर्धेत तिची पाळी यायला १९८९ साल उजाडले. आदल्या वर्षी विजय मिळाल्यामुळे स्पर्धा स्वित्झर्लंडमध्येच, लोझान शहरी होती. फ्रेंचभाषक शहर, घरचे मैदान, आणि यजमान देशाने पुढे केली ती आपली सर्वांत लहान भाषा. फुरबाज या गायकसंचाने रोमान्श गाणे म्हटले आणि तेरावा क्रमांक आला. यादीत तेरावा म्हणजे काही मोठा पराक्रम नव्हे. पण एखाद्या तालुक्याएवढ्या भाषेने त्या रात्री सगळ्या देशाचे प्रतिनिधित्व केले.

आदल्या वर्षीचा विजयही पाहण्यासारखा आहे. १९८८ साली डब्लिनमध्ये स्वित्झर्लंडतर्फे गायली सेलीन डिऑन. ती कॅनडातल्या क्वेबेकची. गाणे फ्रेंच, पण ते लिहिणाऱ्या नेला मार्टिनेटी इटालियनभाषक टिचिनो प्रांतातल्या, आणि संगीतकार अतिला शेरेफतू मूळचे तुर्कस्तानचे. ब्रिटनला १३६ गुण, स्वित्झर्लंडला १३७. एका गुणाने देश जिंकला, आणि त्या गुणाचा वाटा कोणत्या भाषेचा, हे ठरवायला बसले तर रात्र सरायची.

हे वाचून स्वित्झर्लंड म्हणजे भाषांचा स्वर्ग असे कोणी समजू नये. तिथेही सीमाप्रश्न झाला. बर्न प्रांतातील फ्रेंचभाषकांनी वेगळ्या प्रांतासाठी दीर्घ लढा दिला. गावोगाव मतदान झाले, १९७८ साली साऱ्या देशाने कौल दिला आणि १ जानेवारी १९७९ पासून ज्युरा हा स्वतंत्र प्रांत झाला. तरीही वाद मिटला नव्हता. मूतिये या एका गावाने २०२१ साली मतदान करून बर्न सोडण्याचा आणि ज्युरात जाण्याचा निर्णय घेतला. 'खेडे हा घटक' हे शब्द सीमाभागातल्या पोरासोरांनाही पाठ आहेत. त्यांना मूतियेची हकीकत निराळी समजावून सांगायला नको.

स्पर्धेतही अपयश वाट्याला आले. १९६४ साली इटालियन गाण्याला शून्य गुण, १९६७ साली फ्रेंच गाण्याला शून्य, १९९८ साली जर्मन गाण्याला शून्य. भोपळ्याने भाषाभेद केला नाही एवढे खरे!

बेल्जियमने निराळी वाट धरली. तिथे डचभाषक फ्लांडर्स आणि फ्रेंचभाषक वालोनिया यांच्यामधली भाषिक सीमा १९६२ साली कायद्याने पक्की करण्यात आली. या दोन्ही भागांच्या दूरचित्रवाणी संस्था आळीपाळीने स्पर्धेत उतरतात: एका वर्षी यांची पाळी, पुढच्या वर्षी त्यांची. न्याय चोख, पण भाऊ वाटण्या झाल्यावर आडावर पाण्याच्या पाळ्या लावतात तसा. २००३ साली मात्र वालोनियाच्या संचाने कमाल केली. त्यांनी डच नाही, फ्रेंच नाही, अशा कुठल्याच देशाच्या नसलेल्या, मनाने रचलेल्या भाषेत गाणे म्हटले आणि दोन गुणांनी पहिला क्रमांक हुकला. तोडगा चतुर आहे. पण आपल्या भाषा बाजूला ठेवल्यावरच एकत्र गाता यावे, हे काही मनाला पटत नाही.

आपल्याकडे काय होते ते सांगतो. काही वर्षांपूर्वी सीमेपलीकडच्या एका शहरात भावगीतांची स्पर्धा होती. माझ्या नातीने नाव दिले. अर्जात दोन रकाने होते, राज्य आणि भाषा. तिने लिहिले: कर्नाटक, मराठी. अर्ज घेणारे गृहस्थ थबकले. म्हणाले, "बाळ, कर्नाटकातून आलीस तर कानडी म्हण की. मराठीला आमची मुले आहेत." त्याच वर्षी इकडच्या एका स्पर्धेत तिने कानडी वचन म्हटले, तेव्हा कौतुक झाले ते असे: "मराठी मुलगी असून छान म्हटलंस." दोन्हीकडची माणसे भली होती, कोणाच्या मनात वाकडे नव्हते. पण पोरगी मला विचारत होती, "आजोबा, मी नक्की कुणाकडून गायचं?"

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मातीत आहे. गाणगापूर आपल्या जिल्ह्यातले. तिथल्या श्रीनृसिंहसरस्वतींचे चरित्र ज्या 'गुरुचरित्रा'तून महाराष्ट्राच्या घराघरांत वाचले जाते, ते मराठीत लिहिणारे सरस्वती गंगाधर यांची मातृभाषा कानडी होती. कुंदगोळचे रामभाऊ मराठी रंगभूमीवर येऊन सवाई गंधर्व झाले. त्यांचे शिष्य, गदगकडचे पंडित भीमसेन जोशी, यांनी तुकोबांचे अभंग गायले तसेच कानडी दासांची पदेही गायली. त्यांना कोणी रकाना भरायला सांगितला नाही. लीस आसियाच्या कितीतरी आधी आपल्याकडे हे घडत होते. फरक इतकाच की स्वित्झर्लंडने त्याचा देशाच्या खात्यावर जमाखर्च मांडला, आपण तो गायकांच्या वैयक्तिक गुणांत जमा करून मोकळे झालो.

१९९९ पासून भाषेचा नियम गेला आणि बहुतेक देश इंग्रजीकडे वळले. स्वित्झर्लंडही त्याला अपवाद नाही. २०२४ साली माल्मो येथे त्यांना तिसरा विजय मिळाला तो इंग्रजी गाण्यावर. ते गाणारे नेमो हे स्वतःला स्त्री वा पुरुष यांपैकी कोणत्याच रकान्यात बसवत नाहीत, आणि त्यांचे गाणेही त्याविषयीच होते. नेमो बीलचे. त्या शहराला फ्रेंचमध्ये बिएन म्हणतात, आणि तिथे जर्मन व फ्रेंच या दोन्ही भाषांना सरकारी मान्यता आहे. पुढच्या वर्षी, २०२५ साली, स्पर्धा जर्मनभाषक बाझल शहरी भरली, आणि यजमानांनी झोए मे या गायिकेकडून फ्रेंच गाणे म्हणवले. परीक्षकांनी २१४ गुण दिले, प्रेक्षकांनी शून्य. दहावा क्रमांक आला.

म्हणजे देशाच्या खात्यावर एकूण तीन विजय: दोन फ्रेंच, एक इंग्रजी. सर्वांत मोठ्या जर्मन भाषेतील गाण्याला पहिला क्रमांक एकदाही मिळाला नाही. तरी तीनही विजय साऱ्या देशाचेच गणले जातात, कारण देश कोणत्या गळ्यातून गातो यावर तो कुणाचा हे तिथे ठरत नाही. नातीला मी हेच सांगितले: तू ज्या गावची, त्या गावाकडून गा. या गावाला दोन्ही भाषा येतात.

वाचकहो, एक विनंती करून थांबतो. आपल्या घरांत अजून अशा आज्या आहेत, ज्यांना जात्यावरच्या ओव्या मराठीत येतात आणि लग्नातली सोबाने पदे कानडीत. या दिवाळीत नातवंडे जमतील, तेव्हा एक वही काढा. दोन्ही भाषांतली गाणी त्याच एका वहीत, आजीला जशी आठवतील त्या क्रमाने उतरवून घ्या. भाषेनुसार पाने वेगळी पाडू नका.