मिरीच्या पाण्यात दिसलेलं जग

गटाच्या बैठकीत आपण बचतीचं, हप्त्यांचं, बाजारभावाचं बोलतो. आज आम्ही तुम्हाला सूक्ष्मदर्शकाचा, म्हणजे मायक्रोस्कोपचा इतिहास सांगणार आहोत. आपल्या प्राथमिक शाळेतल्या लेकरांशी त्याचा जवळचा संबंध आहे.

साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात अँटोनी व्हॅन लिवेनहूक नावाचे कापड व्यापारी होते. कापडाची वीण तपासायला त्या काळी व्यापारी भिंग वापरत. लिवेनहूक यांना या भिंगांचा नाद लागला आणि ते स्वतःच भिंगं बनवू लागले. ते कॉलेजात शिकले नव्हते. डच सोडून दुसरी भाषा त्यांना येत नव्हती. पण त्यांच्या चांगल्या भिंगातून वस्तू अडीचशे पटींहून मोठी दिसायची.

मिरी तिखट का लागते, हे त्यांना शोधायचं होतं. म्हणून त्यांनी मिरी पाण्यात भिजत ठेवली. १६७६ मध्ये त्या पाण्याचा थेंब भिंगाखाली धरला, तर त्यात असंख्य बारीक जीव वळवळताना दिसले. तिखटपणाचं कारण राहिलं बाजूला, माणसाला जंतूंचं जग सापडलं! त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं, पण तिथल्या विद्वानांचा लगेच विश्वास बसेना. लिवेनहूक यांनी गावातल्या प्रतिष्ठितांना थेंब दाखवून त्यांच्या साक्षी पाठवल्या. शेवटी १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांनी लंडनमध्ये तेच जीव सर्वांना दाखवले. हूक म्हणजे १६६५ मध्ये बुचाच्या कापात कप्पे पाहून त्यांना 'पेशी' हे नाव देणारे शास्त्रज्ञ. लिवेनहूक १७२३ मध्ये वारले. त्यांची मुलगी मारिया जन्मभर त्यांच्याजवळ राहिली होती. वडिलांच्या इच्छेप्रमाणे तिनं चांदीचे २६ सूक्ष्मदर्शक रॉयल सोसायटीकडे पाठवले.

पुढे सूक्ष्मदर्शक मोठे झाले आणि महागही झाले. कितीतरी शाळांत ते कपाटात कुलूपबंद असतात. फुटलं तर भरून कोण देणार, ही भीती. मग मूल पेशीचं चित्र काढतं, नावं पाठ करतं, पण पेशी कधी पाहत नाही.

ही भीती घालवायला मनु प्रकाश पुढे आले. ते मूळचे उत्तर प्रदेशातल्या मेरठचे, आता अमेरिकेत प्राध्यापक आहेत. जिम सायबुल्स्की या सहकाऱ्यासोबत त्यांनी कागदाला घड्या घालून बनणारा 'फोल्डस्कोप' तयार केला आणि २०१४ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. कच्च्या मालाचा खर्च एक डॉलरहून कमी. नेहमीच्या फोल्डस्कोपमधून वस्तू १४० पट मोठी दिसते. तो खिशात मावतो आणि हातातून पडला तरी फुटत नाही.

लहान मुलांना दाखवायला सामान आपल्या घरातच आहे. कांद्याचा पातळ पापुद्रा पाण्याच्या थेंबात ठेवला की विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसतात. फुलाचे परागकण, माशीचा पंख, कापसाचा धागा, डबक्याचं पाणी, सगळं चालतं. फोल्डस्कोप नसेल तर तारेच्या बारीक कडीत पाण्याचा थेंब अडकवा. त्यातून पुस्तकातलं अक्षर मोठं दिसतं. आधी मुलांना पाहू द्या, पाहिलेलं चित्र काढू द्या, नाव नंतर सांगा.

एक गोष्ट मात्र मुलांना नक्की सांगा. रोगाचे जंतू फारच बारीक असतात. कागदी सूक्ष्मदर्शकात थेंब स्वच्छ दिसला, म्हणून पाणी पिण्याजोगं आहे असं समजू नये. पाणी उकळणं आणि साबणानं हात धुणं चालूच ठेवायचं.

मैत्रिणींनो, शाळा व्यवस्थापन समितीत आपल्यापैकी अनेक जणी आहेत. पुढच्या सभेत दोन गोष्टी विचारूया: शाळेत सूक्ष्मदर्शक आहे का, आणि या वर्षी किती मुलामुलींनी त्यातून पाहिलं? नसेल, तर गटानं मिळून शाळेला एक कागदी सूक्ष्मदर्शक द्यायला काय हरकत आहे? आणि तो आला की मुलींचा हात आधी लागेल, एवढं आपण बघूया.