दंगलीचा कायदा आणि मास्तरांची तंबी

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना 'रीड द रायट अ‍ॅक्ट' या वाक्प्रचाराचा अर्थ 'कडक शब्दांत तंबी देणे' असा सांगतात. आपण म्हणतो ना, 'चांगलीच हजेरी घेतली', तसेच. अर्थ बरोबरच आहे. पण एके काळी हा कायदा खरोखरच वाचून दाखवत असत, आणि ऐकणाऱ्यांच्या जिवाशी गाठ असे.

१७१४ मध्ये हॅनोव्हर घराण्याचा पहिला जॉर्ज ब्रिटनच्या गादीवर आला आणि ठिकठिकाणी दंगे उसळले. ते मोडण्यासाठी संसदेने केलेला 'रायट अ‍ॅक्ट' १ ऑगस्ट १७१५ पासून लागू झाला. बारा किंवा अधिक माणसे दंगा करायला जमली, की मॅजिस्ट्रेटने तिथे जायचे आणि राजाच्या नावाने पांगण्याचा हुकूम मोठ्याने वाचायचा. तासाभरानंतरही जे तिथेच राहतील, त्यांना देहान्ताची शिक्षा! जमाव पांगवताना कोणी मेले, तर पांगवणाऱ्यांवर खटला नाही.

१८३७ मध्ये देहान्त शिक्षा गेली, १९७३ पर्यंत कायदाही गेला. शब्द तेवढे उरले, ते घराघरांत आणि वर्गावर्गांत.

मुलांना अर्थासोबत ही हकीकतही सांगावी. आणि आपण मोठ्यांनीही एक ध्यानात ठेवावे: सुधारायला तासभर सवड तो क्रूर कायदासुद्धा देत होता!