तीन सेंटीमीटर मागे

आजीचा फोटो लॅपटॉपवर मोठा करून पाहिला आणि मी हिरमुसलो. कानशिलावरचा एकेक पांढरा केस मोजता येत होता, डोळे मात्र धूसर. फोकस मी डोळ्यांवरच केला होता. एकदा नाही, सहा वेळा. सहाही फोटोंत तीच गत.

कॅमेरा मित्राचा होता. लायका एम९, पंधरा दिवसांच्या बोलीवर मागून आणलेला. लेन्स माझी होती, चोर बाजारात घासाघीस करून घेतलेली ज्युपिटर-८, ५० मिलिमीटर, एफ/२. तिच्या नंबरातले पहिले दोन आकडे ६३, म्हणजे जन्म १९६३चा. मित्राला फोन केला तर तो हसला. ‘रशियन माल रे तो. दुसरं काय होणार?’

मलाही ते पटलं. स्वस्त लेन्स, साठ वर्षांची, दोष तिचाच असणार. पण एक गोष्ट खटकत होती. लेन्स खराब असती तर सगळंच धूसर आलं असतं. इथे केस लख्ख होते. लेन्स नीट पाहत होती, फक्त चुकीच्या जागी. आणि दर वेळी चूक एकाच दिशेने, थोडीशी मागे.

तुमच्या फोनचा कॅमेरा लेन्समधून आलेलं चित्र तपासतो आणि त्यावरून फोकस ठरवतो. रेंजफाइंडर कॅमेरा लेन्समधून पाहतच नाही. त्याला पुढे दोन छोट्या खिडक्या असतात. दोन्हींमधून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, आपण लेन्सची कडी फिरवायची आणि त्या एकमेकींवर बसवायच्या. कॅमेऱ्याच्या पोटात एक चिमुकलं चाक लेन्सच्या मागच्या कड्याला टेकलेलं असतं. लेन्स किती सरकली एवढंच त्या चाकाला कळतं, आणि त्यावरून ते अंतराचा हिशोब करतं. थोडक्यात, सगळा मामला विश्वासाचा. लेन्स अमुक मापाची आहे असं कॅमेरा गृहीत धरतो.

ते माप कुणी ठरवलं, याचा शोध घेताना मी जर्मनीत जाऊन पोचलो.

१९२५ साली वेट्झलार गावच्या लाइट्झ कंपनीने लायका बाजारात आणला. त्याआधी कॅमेरा म्हणजे बहुधा पेटी आणि तिपाई. हा कोटाच्या खिशात मावायचा. १९३०पासून त्याची लेन्स काढून दुसरी लावता येऊ लागली. त्यासाठी ३९ मिलिमीटर व्यासाचे आटे होते, बाटलीच्या झाकणासारखे फिरवून बसवायचे. १९३२ साली लायका-२मध्ये रेंजफाइंडर आला. त्याच वर्षी ड्रेस्डेनच्या झाइस आयकॉनने कॉन्टॅक्स हा प्रतिस्पर्धी कॅमेरा काढला. त्याची लेन्स बसवण्याची पद्धत वेगळी आणि मापही वेगळं. दोघांच्याही लेन्सवर लिहिलेलं असायचं ५ सेंटीमीटर, पण लायकाच्या हिशोबात ते खरं होतं ५१.६ मिलिमीटर आणि कॉन्टॅक्सच्या हिशोबात ५२.४. फरक ०.८ मिलिमीटरचा.

कॉन्टॅक्सची शान होती झोनार ही लेन्स, लुडविग बेर्टेले यांची रचना. त्या काळी काचेवर परावर्तन रोखणारा लेप नव्हता. हवेला भिडणाऱ्या प्रत्येक पृष्ठभागावरून चार-पाच टक्के प्रकाश माघारी जायचा आणि फोटो फिकट पडायचा. बेर्टेले यांनी एफ/२ झोनारमध्ये सहा काचा चिकटवून तीनच गट केले. हवेला भिडणारे पृष्ठभाग राहिले फक्त सहा. म्हणून झोनारचे काळे खरोखर काळे दिसत.

आता पूर्वेकडे. आजच्या युक्रेनमधल्या खार्किव्ह शहरात बेघर मुलांसाठी एक श्रमवसाहत होती. सोव्हिएत गुप्त पोलिसांचे संस्थापक फेलिक्स झेरझिन्स्की यांचं नाव तिला दिलेलं. तिथे १९३४पासून लायका-२ची नक्कल बनू लागली. कॅमेऱ्याचं नाव फेड, झेरझिन्स्कींच्या नावाची आद्याक्षरं. पुढे मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये त्याच घराण्यातला झोर्की निघाला.

मग महायुद्ध संपलं. झाइसच्या लेन्स जिथे बनत ते येना शहर १९४५च्या एप्रिलमध्ये आधी अमेरिकी सैन्याच्या हाती पडलं. ते काही तज्ज्ञ पश्चिमेला घेऊन गेले. जुलैमध्ये तिथे सोव्हिएत सैन्य आलं. युद्धाची भरपाई म्हणून यंत्रं आणि काच पूर्वेला रवाना झाली, पुढे माणसंही नेली गेली. क्रास्नोगोर्स्कमध्ये झोनार पुन्हा बनू लागली. नंतर सोव्हिएत काचेनुसार तिचं गणित नव्याने मांडलं गेलं आणि तिला ज्युपिटर हे नाव मिळालं.

गंमत पाहा. झाइसची काच, लाइट्झचे आटे. जे दोन प्रतिस्पर्धी आपल्या देशात एकमेकांच्या सावलीलाही उभे राहिले नसते, त्यांचं तिसऱ्याच देशात लग्न लागलं. पण सासरी येताना ज्युपिटरने माहेरचं माप सोडलं नाही. ती ५२.४च्या हिशोबानेच चालत राहिली.

१९५४ साली लायकाने आट्यांऐवजी एम बेयोनेट आणला, पण जुन्या गिऱ्हाइकांना वाऱ्यावर सोडलं नाही. एक मिलिमीटर जाडीची कडी मधे घातली की आट्यांची लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसते. तोच बेयोनेट २००९च्या एम९वरही आहे. म्हणून १९६३ची लेन्स त्यावर निमूट बसली. कॅमेऱ्याने समजून घेतलं, ही ५१.६ची. ती होती ५२.४ची.

मी कागदावर हिशोब मांडला. दूरच्या डोंगरावर हा फरक कळत नाही. पण एक मीटरवर फोकस लावला तर लेन्स प्रत्यक्षात एक मीटर तीन सेंटीमीटरवर पाहते. डोळ्यांपासून तीन सेंटीमीटर मागे, म्हणजे बरोबर आजीचं कानशील.

फिल्मच्या जमान्यात पोस्टकार्डाएवढ्या फोटोत हे तीन सेंटीमीटर खपून जायचे. छिद्र एफ/८ केलं तरी झाकले जायचे. एम९चे १ कोटी ८० लाख पिक्सेल आणि माझी झूम करायची खोड, या दोघांनी मिळून ते उघडे पाडले. जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर लावणारे अनेकजण त्यांच्या ‘कॅरॅक्टर’बद्दल, मऊ उजेडाबद्दल बोलतात. ते खरंच आहे. पण माझ्या हाती जे लागलं ते निराळं होतं. ज्याला आम्ही रशियन माल म्हणून हसलो, तो दोष नव्हताच. ते दुसऱ्या घराचं माप होतं, आणि लेन्स ते इमानाने पाळत होती.

कॅमेरा परत द्यायला दोन दिवस उरले होते. आजीला पुन्हा खिडकीशी बसवलं. या वेळी दोन प्रतिमा डोळ्यांवर जुळवल्या नाहीत, नाकातल्या चमकीवर जुळवल्या. लेन्सला मागे पाहायचंय ना, मग पाहू दे. चमकीच्या मागे तीन सेंटीमीटरवर डोळेच तर आहेत.

फोटो उघडला. पापण्यांचे विरळ केस, बुबुळांभोवतीची निळसर कड, बुबुळात उमटलेली खिडकी, सगळं आलं होतं.

दोन्ही फोटो आजीपुढे धरले. तिने बराच वेळ पाहिले आणि पहिल्यावर बोट ठेवलं.

‘हाच बरा आहे. यात सुरकुत्या कमी दिसतात.’