‘फायर’ आणि ‘शूट’

"पोलीस फायरिंगमध्ये इतके ठार." ही अशी बातमी आपण किती सहज वाचतो! फायरिंग आहे, ठार झालेले आहेत, पण गोळी झाडणारा वाक्यातून गायब. ही करामत ‘फायर’ या शब्दाची.

जुन्या तोफा-बंदुकांना बत्ती द्यावी लागायची, म्हणून ‘फायर’. (सिनेमातला सेनापती तिरंदाजांना "फायर!" म्हणतो तेव्हा हसू येतं. बाणाला बत्ती कोण देतंय?) हा शब्द बंदुकीबद्दल बोलतो, माणसाबद्दल नाही. आम्ही कोडमध्ये इव्हेंट ‘फायर’ करतो, कुणी ऐकत असो वा नसो, तसंच. ‘शूट’ त्याहून जुना, धनुष्यबाणाच्या काळातला. ‘अमक्याने तमक्याला शूट केलं’ म्हटलं की दोघंही समोर उभे राहतात.

मराठीत ‘गोळीबार’ फायरच्याच घरातला. बार म्हणजे बंदुकीत भरलेली दारू आणि ती उडाल्याचा आवाजही. फुसका बार, लग्नाचा बार, तंबाखूचा बार, सगळी भावंडं. पण ‘गोळी घातली’ म्हणा, लगेच प्रश्न येतो, कुणाला?

कायदा तर आणखी सोवळा. जमाव पांगवण्याच्या कलमात १८९८ साली शब्द होता ‘फोर्स’, म्हणजे बळ. २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४८ व्या कलमातही तोच आहे.

आता नंदुरबारला चला. तारीख ९ सप्टेंबर १९४२. गाव तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात (स्वतंत्र जिल्हा झाला १९९८ मध्ये). चले जाव सुरू होऊन महिना झालेला. तिरंगा घेऊन निघालेली शाळकरी मुलांची मिरवणूक पोलिसांनी अडवली आणि, नेहमीच्या भाषेत सांगायचं तर, ‘गोळीबार झाला’. झाला म्हणे! पाऊस झाला तसा.

पण या घटनेची जी गोष्ट सांगतात तिचं व्याकरण वेगळं आहे. पोलिसाने बंदूक मुलींच्या दिशेने रोखली, तेव्हा शिरीषकुमार मेहता पुढे झाला. गोळी मारायची तर मला मार, म्हणाला. ‘मला’. फायरिंगमध्ये जे कर्म कधीच नसतं, ते या पंधरा वर्षांच्या पोराने स्वतः भरलं.

त्या दिवशी गोळ्या घालून मारलेले आणखी चौघे: लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा.