सॅमनच्या हिशेबाची कुळकथा

अमेरिकेच्या वायव्येला कोलंबिया आणि तिची उपनदी स्नेक वाहतात. दर वसंतात तिथल्या धरणांवर एक वाटणी करावी लागते: आलेलं पाणी टर्बाइनमधून किती न्यायचं आणि सांडव्यावरून किती सोडायचं. टर्बाइनच्या पाण्यातून वीज मिळते, तर सांडव्याच्या पाण्यासोबत सॅमनची बोटुकली समुद्राकडे निघतात. या वाटणीचा सल्ला आज संगणकीय मॉडेल देतात, आणि स्नेकवरची चार धरणं फोडावीत की ठेवावीत या वादात साक्षीलाही तीच उभी असतात. त्यांचं कूळ शोधायला निघालं की गणित, कासवं, तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी आणि पन्नास वर्षांचं भांडण अशा चारही वाटा एकत्र येतात.

पहिला पूर्वज म्हणजे साधी मोजणी. 1938 मध्ये कोलंबियावर बॉनव्हिल धरण सुरू झालं. त्याला मत्स्यशिड्या होत्या, आणि त्या चढून वर जाणारा मासा मोजायची पद्धत तेव्हापासून आजवर चालू आहे. पुढे नदीच्या वरच्या भागात ग्रँड कूली धरण उभं राहिलं. त्याला शिडीच नव्हती, त्यामुळे त्याच्या वरची सगळी नदी सॅमनला कायमची बंद झाली. 1957 मध्ये डॅलेस धरणाच्या जलाशयात सेलायलो धबधबा बुडाला. तिथे हजारो वर्षं मासेमारी करणाऱ्या मूलनिवासी जमातींना आपल्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क 1855 च्या करारांनी राखून ठेवला होता. स्नेकच्या खालच्या टप्प्यातल्या चार धरणांपैकी शेवटचं, लोअर ग्रॅनाइट, 1975 मध्ये पूर्ण झालं. आयडाहोच्या डोंगरात जन्मलेल्या पिल्लाला आता समुद्र गाठायला आठ धरणं ओलांडायची होती.

वर जाणारे मासे मोजता येत होते. खाली जाणाऱ्या पिल्लांचं काय होतं, हे मात्र कुणालाच नीट दिसत नव्हतं. मॉडेलची गरज इथे निर्माण झाली.

त्याची गणिती आई आधीच जन्मली होती. 1945 मध्ये ऑक्सफर्डच्या पी. एच. लेस्ली यांनी प्राण्यांची संख्या वयोगटांत मांडायची रीत दिली. प्रत्येक गटातले किती जण पुढच्या गटात पोचतात आणि किती संतती देतात, हे एका चौकटीत लिहायचं आणि ती चौकट पुन्हा पुन्हा गुणत जायची. संख्या वाढणार की आटणार, हे त्या गुणाकारातून कळतं. दुसरा धागा कॅनडातला. बिल रिकर यांनी 1954 मध्ये सॅमनच्या आईबापांची संख्या आणि त्यांच्यापासून परतणारी पिढी यांचा संबंध एका वक्ररेषेत बांधला. विणीला फार मासे आले तर जागा आणि अन्न अपुरं पडतं आणि पुढची पिढी उलट घटते, हे त्या रेषेत दिसतं. आजच्या सॅमन मॉडेलच्या पोटात हे दोन्ही धागे आहेत.

हा हिशेब किती निर्दय आहे ते पाहा. गणितापुरतं धरू की प्रत्येक धरणाशी शंभरातली 95 पिल्लं वाचतात. आकडा दिलासा देणारा वाटतो. पण आठ धरणांनंतर उरतात 66. प्रत्येक ठिकाणी 90 वाचली, तर शेवटी उरतात फक्त 43. एकेका धरणाचा अभियंता आपलं काम चांगलं चाललंय असं प्रामाणिकपणे म्हणू शकतो, आणि तरीही नदी रिकामी होऊ शकते. धरणाधरणाचा सुटा विचार सोडून साऱ्या प्रवासाचा विचार करायला लावला तो या गुणाकाराने.

1991 मध्ये स्नेकच्या सॉकाय सॅमनला संकटग्रस्त ठरवण्यात आलं, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या चिनूक सॅमनला धोक्यातल्या जातींत घेतलं. त्या 1992 मध्ये समुद्रापासून सुमारे 1,450 किलोमीटर आत, जवळपास 2,000 मीटर उंचीवरच्या रेडफिश सरोवरात एकच सॉकाय परतला. तो नर होता. लोकांनी त्याचं नाव लॅरी ठेवलं. संकटग्रस्त जातींच्या कायद्याने आता मासे कसे सावरायचे याचं उत्तर सरकारला देणं भाग होतं, आणि उत्तर द्यायला दोन घराणी पुढे आली. एक मॉडेल वॉशिंग्टन विद्यापीठातलं, नाव क्रिस्प. दुसरं राज्यांच्या आणि जमातींच्या मत्स्यखात्यांचं, नाव फ्लश. नदी एकच, मासेही तेच, पण निष्कर्ष वेगळे.

मतभेदाचं मूळ बोटींत होतं. धरणाशी पिल्लं गोळा करून मोठ्या बोटींतून बॉनव्हिलच्या खाली नेऊन सोडायची, असा उपाय 1970 च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर चालू होता. बोटीतली जवळजवळ सगळी पिल्लं जिवंत उतरत. पण समुद्रातून परत किती येतात? बोटीतून गेलेली पिल्लं नदीतून पोहत गेलेल्यांपेक्षा पुढे जास्त मरत असतील, तर बोटीचा फायदा कागदावरच राहतो. तसंच आठ धरणांचा धक्का सोसून जिवंत बाहेर पडलेलं पिल्लू त्या थकव्यापायी महिन्याभराने खाऱ्या पाण्यात मेलं, तर ते मरण कुणाच्या खाती लिहायचं? समुद्राच्या की धरणाच्या? या उशिरा येणाऱ्या मृत्यूचा आकडा बदलला की मॉडेलचं उत्तरही बदलत होतं.

1995 मध्ये पाथ नावाचा उपक्रम सुरू झाला. व्हँकुव्हरच्या डेव्हिड मार्मोरेक यांनी दोन्ही घराण्यांच्या शास्त्रज्ञांना एका टेबलाशी बसवलं. या रीतीची मुळं ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात सी. एस. हॉलिंग आणि कार्ल वॉल्टर्स यांनी 1970 च्या दशकात मांडलेल्या विचारात आहेत: निसर्गाविषयीची आपली गृहीतकं आधी उघड लिहा, धोरणालाच प्रयोग माना, आणि निकाल पाहून धोरण बदला. पाथमधून बाहेर आलेलं चित्र असं होतं की बहुतेक गृहीतकं धरून स्नेकची चार धरणं फोडण्याचा पर्याय मासे सावरण्याची जास्त शक्यता देतो. माझ्या मते मात्र पाथची खरी कमाई वेगळी होती. अनेक वर्षांच्या भांडणातून नेमका कोणता आकडा वादाचा आहे, हे तिथे सर्वांसमोर आलं.

त्यानंतर 2000 च्या नोव्हेंबरात पीटर करीवा, मिशेल मार्व्हिए आणि मिशेल मॅक्लूर यांचा लेख 'सायन्स'मध्ये आला. त्याचं नातं समुद्री कासवांशी होतं. 1987 मध्ये डेबोरा क्राउस, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅसवेल यांनी लेस्लीच्याच वंशातली चौकट कासवांना लावून दाखवलं होतं की किनाऱ्यावरची अंडी कितीही जपली तरी पुरणार नाही, कोळंबीच्या जाळ्यात मरणारी मोठी पिल्लं वाचवायला हवीत. करीवा आणि सहकाऱ्यांनी तोच प्रश्न सॅमनला विचारला: आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर थोडी सुधारणा केली तर सर्वाधिक फळ मिळेल? उत्तर धक्कादायक होतं. धरणांतून जाताना एकही पिल्लू मेलं नाही असं धरलं, तरी संख्या घटतच राहत होती. जन्मानंतरचं पहिलं वर्ष आणि नदीमुखातला काळ यांत थोडी वाढ झाली, तर मात्र कल उलटत होता. त्यांनी हेही स्पष्ट केलं की नदीमुखातले मृत्यू धरणांच्या धक्क्याचेच परिणाम असतील, तर धरण फोडूनही ती वाढ मिळू शकते. बाहेर मात्र अर्धंच वाक्य गाजलं, आणि धरणं न फोडता ओढे, अधिवास सुधारण्याच्या धोरणाला त्याचा आधार मिळाला.

हा वाद आणखी गणिताने मिटणारा नव्हता, त्याला मोजमाप हवं होतं. ते 12 मिलिमीटरच्या काचेच्या नळीने आणलं. 1980 च्या दशकात आलेल्या या पिट टॅगला बॅटरी लागत नाही. पिल्लाच्या पोटात तो बसवला की धरणावरच्या वाचकयंत्रापाशी तो आपला क्रमांक सांगतो, आणि तोच मासा काही वर्षांनी परतला की पुन्हा सांगतो. 1996 पासून चाललेल्या तुलनात्मक अभ्यासात आठ धरणं ओलांडणारे स्नेकचे मासे आणि तीनच धरणं ओलांडणारे जॉन डे नदीचे मासे शेजारी ठेवून पाहिले गेले. समुद्र दोघांना एकच, तरीही जॉन डेचे मासे कितीतरी जास्त परततात. सांडव्याऐवजी वीजघरांच्या वाटेने जितक्या वेळा पिल्लू जातं, तितकी त्याच्या परतण्याची शक्यता घटते, असंही या अभ्यासाने मांडलं. सरकारी शास्त्रज्ञांचं कंपास हे दुसरं मॉडेल उशिराच्या मृत्यूबाबत अधिक सावध राहिलं. दोन घराणी आजही आहेत, पण आता दोघांच्याही हाती टॅगांची नोंद आहे.

या नोंदींची फळं दिसली. 2018 च्या डिसेंबरात करार झाला: वीज स्वस्त असते त्या तासांत सांडव्यावरून जास्त पाणी सोडायचं. त्यालाही मर्यादा होती, कारण कोसळणाऱ्या पाण्यात हवा जास्त विरघळली तर माशांच्या अंगात बुडबुडे धरतात. 2022 मध्ये अमेरिकेच्या सागरी मत्स्यखात्याने सांगितलं की स्नेकचे मासे भरघोस संख्येने हवे असतील तर ती चार धरणं फोडणं हाच गाभ्याचा उपाय आहे. 2023 च्या डिसेंबरात त्या दिशेने संघराज्य सरकार, दोन राज्यं आणि चार जमातींमध्ये समझोता झाला. 2025 च्या जूनमध्ये नव्या सरकारने तो मोडला.

म्हणून या कुळकथेचा शेवट गणिताच्या विजयात होत नाही. वीज, धरणांमुळे होणारी धान्याची जलवाहतूक आणि जमातींचा करारसिद्ध हक्क यांत काय जड, हे कोणतंही मॉडेल ठरवू शकत नाही, आणि त्याने ठरवूही नये. पण 'सगळा दोष समुद्राचा' किंवा 'सगळा दोष धरणाचा' असं पुराव्याशिवाय म्हणण्याची सोय त्याने संपवली, आणि हे मोठं काम आहे. मला सर्वांत खटकतं ते मोजणीचं वेळापत्रक. बॉनव्हिलची मोजणी धरणासोबत सुरू झाली, टॅग तर शेवटचं धरण पूर्ण झाल्यावर आले. अडवण्यापूर्वीची नदी पुरेशी मोजलेलीच नव्हती, म्हणून ती कशी होती यावरच निम्मा वाद खर्च झाला. पाथ सुरू झाल्यापासून चिनूकच्या सहा-सात पिढ्या उलटल्या. जगात कुठेही नदीवर भिंत घालायची असेल, तर आराखड्याच्या पहिल्या पानावर तिच्यातल्या माशांची काही पिढ्यांची मोजणी असायला हवी. ती नसेल, तर आराखडा अपुरा मानून परत पाठवावा.