59 दिवसांचा मासा

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरचा एव्हिओटा सिजिलाटा हा इवलासा गोबी मासा फार तर 59 दिवस जगतो, हे 2005 साली उघड झाले. माशाच्या कानातल्या खड्यावर रोज एक वलय चढते, हे पॅनेला या संशोधकाने 1971 मध्येच दाखवले होते. ती वलये मोजूनच वय ठरले. साधन हाताशी होते, संशोधकांची नजर मात्र मोठ्या, रंगीत माशांवर होती. कोणी म्हणेल, हे कसले आयुष्य, शिकाऱ्यांनी मासा गिळला इतकेच! पण या 59 दिवसांतले सुमारे तीन आठवडे खुल्या समुद्रातच जातात. उरलेल्या दिवसांत वाढ, वीण आणि नराची अंड्यांवरची राखण उरकते. एवढी घाई उगाच नसते. शिकारीच्या टांगत्या तलवारीखाली लवकर वयात येणाऱ्यांचाच वंश टिकला. म्हणजे आक्षेपातला शिकारीच इथे कारण ठरतो.